रेड अलर्टच्या दिवशी ऊन पडलं म्हणून हसलेल्या माझ्या शेजाऱ्यांना

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवरच्या सर्वांना,

स. न. वि. वि.

हे पत्र कुणा एकाला नाही. नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि ऐरोलीपासून खारघरपर्यंत ज्या ज्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि ज्या ग्रुपवर पावसाळ्यात हवामान खात्याची टिंगल फिरत असते, त्या सगळ्यांना लिहिते आहे. अशाच एका ग्रुपमध्ये मीही आहे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे, पाचपाखाडीत राहते.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री रेड अलर्ट आला. शाळांना सुट्टी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. दुपारपर्यंत ग्रुपवर कुणीतरी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींचा फोटो टाकला, त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. 'सुट्टी हवी असेल तर रेड अलर्ट मागा' वगैरे सगळं नेहमीचं. ते तिथेच संपलं असतं तर मी काही लिहिलं नसतं.

आठ-दहा दिवसांनी ऑरेंज अलर्ट होता. आमच्या मजल्यावर पोळ्यांना येणाऱ्या मावशी कळव्याला डोंगराच्या उतारावर, नाल्याकाठच्या चाळीत राहतात. दुपारी त्यांनी समोरच्या घरात विचारलं, "ताई, आज लई पाऊस सांगितलाय म्हणत्यात, मी लवकर जाऊ का?" समोरून उत्तर आलं, "अहो मावशी, त्यांचं कधी खरं होतं का? आठवतंय ना मागच्या वेळचं ऊन?" मावशी थांबल्या. राहिलेली दोन घरं करून निघाल्या. घरी पोचेपर्यंत नाला दारात होता. रेशनचे गहू भिजले, गादी भिजली, बारावीतल्या मुलीची पुस्तकं पलंगाखाली ठेवलेली होती ती लगद्यासारखी झाली. ती पुस्तकं दुसऱ्या कुणाची होती, वर्ष संपल्यावर परत द्यायची होती.

तो प्रश्न मावशींनी विचारला तेव्हा मी जिन्यातच उभी होते, भाजीची पिशवी हातात घेऊन. सगळं ऐकलं आणि काही बोलले नाही. म्हणून हे पत्र.

मला एवढंच सांगायचं आहे की हवामानाच्या अंदाजात चूक राहणार, आणि ती कुणाच्या आळसामुळे राहत नाही. ती हवेच्या स्वभावातच आहे. हे गणिताने दाखवून दिलेलं आहे आणि त्यालाही साठ वर्षं होऊन गेली. ते एकदा समजलं की अलर्टचा मेसेज वाचायची पद्धतच बदलते.

१९६१ च्या हिवाळ्यातली गोष्ट. अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. त्यांच्या खोलीत रॉयल मॅकबी कंपनीचा एलजीपी-३० हा संगणक होता. त्यावर त्यांनी बारा समीकरणांचं एक खेळण्यातलं हवामान तयार केलं होतं. यंत्र आकडे छापत जायचं आणि त्या आकड्यांतून वाऱ्यांचे बदल दिसायचे. एकदा त्यांना आधी काढलेल्या आकड्यांचा काही भाग पुन्हा, जास्त लांबवर बघायचा होता. पहिल्यापासून सुरुवात करण्याऐवजी त्यांनी मधल्या एका ओळीतले छापलेले आकडे यंत्राला दिले आणि ते कॉफी प्यायला गेले. तासाभराने परत आले तोवर यंत्राने दोन महिन्यांचं हवामान काढलेलं होतं. ते जुन्या कागदाशी जुळायला हवं होतं, कारण समीकरणं तीच होती आणि सुरुवातही तीच. सुरुवातीला जुळत होतं. मग शेवटच्या अंकात फरक दिसू लागला, दर चार दिवसांनी तो फरक साधारण दुप्पट होत गेला, आणि दुसऱ्या महिन्यात कुठेतरी दोन हवामानांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नाही.

त्यांना आधी वाटलं की यंत्राची एखादी व्हॅक्यूम ट्यूब गेली. तसं नव्हतं. यंत्राच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७, आणि कागदावर जागा वाचवायला छापलेला होता ०.५०६. चार हजारांत एक भाग एवढा हा फरक. आपल्या गॅलरीतला थर्मामीटर सोडा, चांगल्या वेधशाळेतलं उपकरणही हवेच्या बाबतीत एवढा फरक मोजायला धडपडेल.

१९६३ मध्ये लॉरेन्झ यांनी हेच बारांऐवजी तीन समीकरणांवर आणून लेख लिहिला. त्या कामातली आकडेमोड आणि आलेख एलन फेटर या तरुणीने केले होते. तिच्या आधी ते यंत्र मार्गारेट हॅमिल्टन चालवत होत्या, ज्यांनी पुढे चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या सॉफ्टवेअरचं काम पाहिलं. वर्गातल्या मुलींना मी हे आवर्जून सांगत असे.

तुम्हाला हे कुणाच्या शब्दावर मानायची गरज नाही. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा. ० आणि १ यांच्यामधली एक संख्या घ्या. ती १ मधून वजा करा, आलेल्या उत्तराने मूळ संख्येला गुणा, मग ४ ने गुणा. जे येईल त्यावर पुन्हा तेच करा. नियम एवढाच, सहावीतलं पोर करील. आता ०.४ पासून सुरुवात करा. पहिल्या फेरीत ०.९६ येतं. मग ०.४०१ पासून करा, ०.९६१ येतं, जवळजवळ तेच. चौथ्या फेरीला ०.९९८ आणि ०.९९९. अजूनही तुम्ही म्हणाल, काय बिघडलं? दहाव्या फेरीला पहिल्या ओळीत ०.२९८ उरतं आणि दुसऱ्या ओळीत ०.९९७. स्क्रीनवर दिसतील तेवढे सगळे अंक ठेवायचे, मध्येच तोडायचे नाहीत.

यात नशीब कुठे आहे का? कुठेच नाही. प्रत्येक पायरी ठरलेली आहे. पुन्हा करा, पुन्हा तेच येईल. आणि तरीही सुरुवातीच्या तिसऱ्या दशांशातल्या एकाने दहाव्या पायरीवर सगळं उलटंपालटं केलं. याला केऑस म्हणतात. मराठीत काही जण 'गोंधळ' म्हणतात, मला तो शब्द पटत नाही. गोंधळात नियम नसतो. इथे नियम अगदी काटेकोर आहे, आपल्याला सुरुवात पुरेशी बारीक ठाऊक नाही, एवढंच.

आता कॅल्क्युलेटरवरून खाडीवर या. आपल्या डोक्यावरच्या हवेची 'सुरुवात' म्हणजे काय? अरबी समुद्रावर या क्षणी वारा किती, येऊरच्या झाडीवर बाष्प किती, पारसिकच्या डोंगरामागे हवा किती तापली, हे सगळं. मोजमाप होतं ते उपग्रहांनी, फुग्यांनी, जहाजांनी, विमानांनी, रडारने आणि जमिनीवरच्या केंद्रांनी. त्यांच्यामधल्या जागा रिकाम्या राहतात आणि तिथले आकडे गणिताने भरून घ्यावे लागतात. तिसरा दशांश तर दूरच, कित्येक ठिकाणी पहिल्याचीही खात्री नसते.

आणि पावसाळी ढग हा फार उतावळा प्राणी आहे. चार-सहा किलोमीटर रुंद, तासाभरात उभा राहतो, ओततो आणि विरतो. २०१८ पासून आपल्याकडे वापरात आलेल्या मोठ्या मॉडेलमध्ये, म्हणजे संगणकावरच्या हवामानाच्या गणितात, नकाशाची एक चौकट १२ किलोमीटरची होती. कोपरीपासून गायमुखापर्यंतचं ठाणे शहर अशा दीडएक चौकटीत बसतं. म्हणजे त्या मॉडेलच्या नजरेत वंदना डेपोजवळ पाणी तुंबणं आणि मानपाड्याला ऊन असणं हा फरक जवळजवळ दिसतच नाही. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं 'भारत फोरकास्ट सिस्टिम' हे ६ किलोमीटरचं मॉडेल आलं, म्हणजे जुन्या एका चौकटीच्या जागी चार. जाळं बारीक झालं. तरी ढग त्याच्या भोकांतून निसटू शकतो.

२६ जुलै २००५ विसरलेला माणूस इथे मला भेटायचा आहे. माझे यजमान तेव्हा कुर्ल्याला नोकरीला होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते चालत घरी आले, पायांच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोललेली. त्या रात्री फोन लागत होते तोवर माझा कुलाब्याचा मावसभाऊ मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "एवढं काय झालंय तिकडे? आमच्याकडे तर नेहमीसारखाच आहे." तो खोटं बोलत नव्हता. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरातल्या या दोन वेधशाळा, मध्ये पंचवीस किलोमीटरही नाहीत. मुंबईत 'अति मुसळधार' असा इशारा कुणी आदल्या दिवशी दिला असता, तर कुलाब्याच्या माणसाने दुसऱ्या दिवशी काय म्हटलं असतं? तेच, जे आपण चादरींच्या फोटोखाली म्हटलं.

इथे एक साधी गोष्ट, जी आपल्यापैकी बहुतेकांना कुणी सांगितलेली नसते. अलर्ट जिल्ह्याला असतो, आपल्या गल्लीला नसतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला तरी ठाणे जिल्हा चार हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. भाईंदरच्या खाडीपासून मुरबाड-शहापूरच्या घाटापर्यंत तो पसरलेला आहे. माळशेजच्या पायथ्याशी दोनशे मिलिमीटर पडून राम मारुती रोडला रुमालही ओला झाला नाही, तर अंदाज बरोबर होता. आणि इशाऱ्यात 'तुरळक ठिकाणी' हे शब्द असतात, ते आपण गाळून पुढे पाठवतो. तुरळक म्हणजे जिल्ह्यातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर चौथ्या हिश्श्याच्या ठिकाणी. चारातल्या तिघांकडे तेवढा जोराचा पाऊस नसणार, हे त्या शब्दातच सांगितलेलं आहे.

नवी मुंबईकरांनी तर जास्तच जपून वाचावं. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात. हार्बर लाइनवर एकापाठोपाठची दोन स्टेशनं, आणि दोघांचा रंग वेगळा असू शकतो. माझी सून खारघरला राहते. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठाण्याचा अलर्ट फिरत होता आणि रायगडचा कुणी बघितलाच नव्हता. पांडवकड्याकडे सहलीला निघालेली पोरं यातूनच अडकतात.

मग तुम्ही विचाराल, अंदाज असाच चुकणार असेल तर तो हवा कशाला? हा प्रश्न मला शाळेतही दरवर्षी यायचा.

त्याचं उत्तर मी चेंदणी कोळीवाड्याच्या धक्क्यावरून द्यायचे. भरती-ओहोटीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून मिळतं. साडेचार मीटरच्या वर जाणाऱ्या भरतीचे दिवस पावसाळा सुरू व्हायच्या आधीच वर्तमानपत्रात येतात, तासमिनिटांसकट. तेही गणितच, चंद्र-सूर्याच्या ओढीचं. ते का चुकत नाही? खरं सांगायचं तर ग्रहगोलांचं गणितही पूर्ण सुरक्षित नाही. तीन गोल एकमेकांना ओढत असतील तर सुरुवातीचा सूक्ष्म फरक पुढे वाढू शकतो, हे फ्रान्सचे गणितज्ञ आंरी पॉइन्कारे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पाहिलं होतं, लॉरेन्झच्या सत्तर वर्षं आधी. फक्त तिथे फरक वाढायला लाखो वर्षं लागतात, म्हणून आपल्या कॅलेंडरला धक्का लागत नाही. ढगाच्या बाबतीत तोच फरक तासाभरात वाढतो.

प्रत्येक गोष्टीच्या अंदाजाला अशी आपली एक मुदत असते. एका ढगाची मुदत काही तासांची. बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याची काही दिवसांची. एकूण रोजच्या हवामानाची साधारण दोन आठवड्यांची, कितीही मोठा संगणक आणला तरी. ही मर्यादा लॉरेन्झ यांनीच १९६९ मध्ये मांडली. त्याच्या आत माणसाने केलेली प्रगती मात्र थक्क करणारी आहे. जगभरातल्या चांगल्या केंद्रांचा अंदाज दर दहा वर्षांनी साधारण एका दिवसाने पुढे सरकत आला आहे. वीस वर्षांपूर्वी तीन दिवसांचा जेवढा भरवशाचा होता, तेवढा आज पाच दिवसांचा असतो. आपल्याला हे दिसत नाही कारण बरोबर आलेला अंदाज कुणी फॉरवर्ड करत नाही.

म्हणून १५ ऑगस्टला ठाण्यात पाऊस पडेल का, असं कुणी जूनमध्ये तारखेसकट छातीठोकपणे सांगत असेल, तर तो मेसेज पुढे पाठवू नका. मग तो कितीही मोठ्या नावाने आलेला असो. आणि पुढच्या तीन तासांचा इशारा आला, तर तो मात्र हातातलं काम टाकून वाचा. कुलाबा आणि वेरावलीच्या रडारवर तेव्हा ढग प्रत्यक्ष दिसत असतो. तो अजून जन्मायचा नसतो, तो निघालेला असतो.

मग पूर्ण मोसमाचा अंदाज कसा देतात, हेही कुणी विचारतं, आणि प्रश्न रास्त आहे. दोन आठवड्यांपुढचं कळत नाही म्हणता आणि एप्रिलमध्ये चार महिन्यांच्या पावसाचं सांगता? १९८१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी आणि आपल्याच उत्तर प्रदेशातून गेलेले जगदीश शुक्ल यांनी याचं उत्तर दिलं. रोजच्या हवेची स्मृती थोडी असते, समुद्राची लांब असते. प्रशांत महासागराचं पाणी तापलेलं असेल तर ते महिनोन्‌महिने तापलेलं राहतं आणि वरच्या वाऱ्यांना हळूहळू आपल्या कलाने वळवतं. कुठल्या मंगळवारी पाऊस, हे त्यातून कळत नाही. मोसम सरासरीपेक्षा भारी जाईल की हलका, याचा कल कळतो. आपल्या आजीला पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस ठाऊक होता. ती तारीख सांगत नव्हती, ऋतूचा बाज सांगत होती. जुलैत ठाण्यात बर्फ पडणार नाही, हे मीही लिहून देते. केऑसला हवे तसे उधळायला मोकळं रान नसतं, तो आपल्या गोठ्यातच उड्या मारतो.

फुलपाखराचंही सांगून टाकते, कारण तेच सर्वांत जास्त फिरतं. २९ डिसेंबर १९७२ ला वॉशिंग्टनमध्ये लॉरेन्झ यांचं व्याख्यान होतं. त्यांनी विषय वेळेत कळवला नाही, म्हणून आयोजक फिलिप मेरिलीस यांनीच मथळा देऊन टाकला: ब्राझीलमधल्या फुलपाखराच्या पंखांच्या फडफडीने टेक्सासमध्ये टोर्नेडो उठेल का? त्याआधी लॉरेन्झ समुद्रपक्ष्याचं उदाहरण देत असत. लोकांनी मथळा लक्षात ठेवला आणि प्रश्नचिन्ह सोडून दिलं. त्याच व्याख्यानात त्यांनी म्हटलं होतं की एखादी फडफड वादळ उठवू शकत असेल, तर तशीच एखादी ते उठता उठता थांबवूही शकेल. आणि फुलपाखरं असंख्य आहेत, हरकती असंख्य आहेत. कुठल्या एकीला दोष देता येत नाही. तेव्हा 'तुमच्या एका चांगल्या विचाराने विश्व बदलतं, विज्ञानानेही मान्य केलं' असा संदेश फुलपाखराच्या चित्रासह आला, तर तो विचार चांगला असेल, पण त्याचा या विज्ञानाशी संबंध नाही.

या सगळ्यावर शास्त्रज्ञांनी काढलेला उपाय मला फार प्रामाणिक वाटतो. सुरुवात नक्की ठाऊक नाही ना, मग एकाच सुरुवातीवर भिस्त ठेवायची नाही. थोड्याथोड्या फरकाच्या अनेक सुरुवाती घ्यायच्या आणि मॉडेल तितक्या वेळा चालवायचं. युरोप आणि अमेरिकेत हे १९९२ पासून होतं. आपल्याकडे २०१८ मध्ये सुरू झालेल्या पद्धतीत एकवीस वेळा होतं. एकवीसच्या एकवीस ओळी एकत्र राहिल्या तर हवा आज सरळ वागते आहे. फाकल्या तर आज तिचा नेम नाही. म्हणजे अंदाजाबरोबर त्या अंदाजाचा भरवसाही कळतो.

आता समजा त्या एकवीसपैकी पंधरा ओळी ठाण्यावर अति मुसळधार दाखवत आहेत. सत्तर टक्क्यांच्या आसपास. अधिकाऱ्याने रात्री दहा वाजता ठरवायचं आहे, शाळा उघडी ठेवायची की बंद. तो बंद ठेवतो. असे दहा दिवस आले तर त्यातल्या तीन दिवशी ऊन पडणार, पडलंच पाहिजे, नाहीतर सत्तर टक्के हा आकडाच खोटा ठरेल. ज्या खात्याचा प्रत्येक रेड अलर्ट खरा ठरतो, ते खातं इशारे देताना हात आखडता घेत आहे असं समजा. ज्या दहा दिवशी साठ टक्के वाटलं त्या दहाही दिवशी ते गप्प बसलं, आणि त्यातल्या सहा दिवशी माणसं पाण्यात अडकली. आपण प्रत्येक कोरड्या अलर्टला हसून त्या अधिकाऱ्याला नेमकं हेच शिकवतो आहोत: गप्प बस.

माझी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. टक्केवारी तयार होते आणि आपल्यापर्यंत पोचेपर्यंत तिचा रंग होतो. लाल, नारिंगी, पिवळा. रंग एका नजरेत कळतो, पण त्यातला भरवसा गळून जातो. 'उद्या ठाणे शहरात ११५ मिलिमीटरच्या वर पावसाची शक्यता दहात सात' असं वाक्य रिक्षावाल्यालाही समजतं. क्रिकेटमध्ये आपण दिवसभर असंच बोलतो. तेव्हा मागायचंच असेल तर हे मागू या, की रंगाबरोबर आकडाही द्या. 'अचूक अंदाज द्या' ही मागणी हवा पुरी करू देणार नाही. 'तुमचा भरवसा किती ते सांगा' ही करता येण्यासारखी आहे.

आणि भरतीचं विसरू नका. नवी मुंबईचा बराच भाग भराव घालून उभा राहिला आहे आणि भरतीच्या पाण्याची पातळी लक्षात घेऊन तिथे होल्डिंग पाँड बांधले गेले. ओहोटीला पाणी खाडीत जातं, भरतीला दारं मिटतात आणि शहराचं पाणी त्या तळ्यांत थांबतं. पाणी साचणार की नाही हे दोन गणितांच्या गाठीवर ठरतं. एक वर्षभर आधी ठाऊक असलेलं, दुसरं तीन तास आधी. अलर्टच्या दिवशी भरतीची वेळ बघायला दहा सेकंद लागतात. आमच्या ग्रुपवर ती कुणी कधी टाकलेली मला आठवत नाही.

सुरुवातीची मोजमापं जितकी दाट तितका अंदाज बरा, हे लॉरेन्झच्या त्या तीन अंकांपासून चालत आलेलं आहे. म्हणून मी गच्चीत पाऊस मोजते. सरळ बाजूंची मोठी प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा, बुडाशी खडे टाकून खोलगट भाग भरायचा, शून्याच्या खुणेपर्यंत पाणी घालायचं आणि बाजूला शाळेची पट्टी चिकटवायची. बाटली सरळ असेल आणि तोंडाची रुंदी तिच्याएवढीच असेल, तर आतलं पाणी जितके मिलिमीटर चढलं तितका पाऊस. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवू नका, माझी पहिली बाटली तिथे होती आणि महिनाभराचे आकडे वाया गेले. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे पन्नास हजार लिटर, दहा हजारी टँकर असेल तर पाच.

माझ्यासारखीच बाटली ऐरोलीला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने ठेवली आहे आणि खारघरला सुनेने. एका सकाळी माझ्याकडे बोटभर पाणी चढलं होतं, ऐरोलीच्या बाटलीत खडेही नीट भिजले नव्हते. मध्ये फक्त खाडी आणि पूल. त्या दिवशी ठाण्याच्या ग्रुपवर अंदाजाचं कौतुक होतं आणि ऐरोलीच्या ग्रुपवर टिंगल. अंदाज एकच होता.

आमचे आकडे कुठल्या मॉडेलमध्ये जात नाहीत, मला त्याची कल्पना आहे. पण सलग एक पावसाळा रोज मोजल्यावर 'आज पाऊस पडला का' या प्रश्नाला 'कुठे?' असं उलट विचारायची सवय लागते. प्रत्येक सोसायटीत एक बाटली असावी, मुलांनी ती वाचावी, आणि ग्रुपवर चादरींच्या फोटोऐवजी तो आकडा पडावा, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक मागणं आहे. तीन तासांचा इशारा आला की तो ग्रुपवर टाकून थांबू नका. ग्रुपमध्ये नसलेल्या माणसांना तो तोंडाने सांगा. गेटवरचा वॉचमन, गाड्या धुणारा मुलगा, पोळ्यांच्या मावशी, दुधाच्या पिशव्या टाकणारे काका. त्यांची घरं आपल्यापेक्षा खाली आहेत, नाल्याजवळ आहेत, उतारावर आहेत. "जा, आजचे पैसे कापणार नाही," हेही त्याच दमात सांगा, कारण त्याशिवाय ती माणसं जाणार नाहीत. दहात तीन वेळा ऊन पडेल आणि तुमच्या चार पोळ्या बुडतील.

मावशींच्या मुलीची पुस्तकं आम्ही मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून पुन्हा आणून दिली. समोरच्या ताईंनी सर्वांत आधी पैसे काढले. या पावसाळ्याला मावशींनी पुस्तकांसाठी भिंतीवर उंच फळी ठोकून घेतली आहे.

हवामान खातं पावसाचा दिवस सकाळी साडेआठला मोजतं, म्हणून मीही तेव्हाच मोजते. १ जूनपासून रोज साडेआठला मी गच्चीत असेन. ज्यांना बाटली कशी करायची ते बघायचं आहे त्यांनी मुलांना घेऊन या, शाळेची एक पट्टी आणि कात्री तेवढी बरोबर आणा. गच्चीचं कुलूप उघडं असतं.

आपली,
पाचपाखाडीतली एक शेजारीण